जबड्याची रेघ आणि सिलिकॉनचा गोळा

या खेपेस दातांविषयी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे योगायोगाने एकाच वस्तूविषयी आहेत. दातांत धरून चावायचा सिलिकॉनचा गोळा, ज्याला तरुण मंडळी ‘जॉ एक्सरसाइजर’ म्हणतात, तो इंदूरच्या घराघरांत पोहोचलेला दिसतो. पहिल्या पत्राचे उत्तर सविस्तर देत आहे, कारण उरलेल्या दोन उत्तरांचा पाया त्यातच आहे.

प्रश्न : सा. न. वि. वि. माझे वय २१ असून मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझी उंची १७० सेंटिमीटर आणि वजन ७८ किलो आहे. फोटोत माझी हनुवटी आणि गळा एकच दिसतात, याची मला फार दिवसांपासून खंत आहे. मार्गशीर्षात आतेबहिणीचे लग्न असल्यामुळे मी सात आठवड्यांपूर्वी ४० पाउंड दाबाचा म्हणून विकला जाणारा सिलिकॉनचा गोळा मागवला आणि सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे पुढच्या दातांत धरून चावू लागलो. जिममधील प्रशिक्षक म्हणतात, “भैया, महीने भर में चेहरा निकल आएगा.” पंधरा दिवसांपासून तोंड उघडताना उजव्या कानाजवळ ‘टक्’ असा आवाज येतो, सकाळी जबडा आखडलेला असतो आणि शिकंजी प्यायली की खालच्या पुढच्या दातांत कळ येते. आजी म्हणते, जबडा वाकडा होईल. आवाज हे स्नायू तयार होत असल्याचे लक्षण आहे का? आता ५० पाउंडांचा गोळा घ्यावा का? – एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ५० पाउंडांचा गोळा घेऊ नये आणि ४० पाउंडांचाही आजपासून ठेवून द्यावा. कानाजवळचा आवाज स्नायू तयार होत असल्याचा नसून सांध्यावर ताण पडत असल्याचा आहे. आजींची भीती शब्दशः खरी ठरण्याची शक्यता कमी असली, तरी त्यांचा रोख बरोबर आहे.

आरशासमोर उभे राहून कानाच्या पाळीखाली, जबड्याच्या मागच्या कोपऱ्यावर बोटे ठेवा आणि दात आवळा. बोटांखाली जो टणक उंचवटा उठतो, तो चर्वणाचा मुख्य स्नायू होय. गालाच्या हाडाच्या कमानीपासून निघून तो खालच्या जबड्याच्या मागच्या कोनावर येऊन बसतो. आता दात आवळलेलेच ठेवून बोटे हनुवटीकडे सरकवत आणा. तोंडाच्या कोपऱ्याच्या रेषेपर्यंत येण्याआधीच तो उंचवटा संपलेला असेल आणि हनुवटीखाली, जिथे तुम्हाला बदल हवा आहे, तिथे तर काहीच हललेले नसेल. गोळा चावून जो स्नायू वाढतो तो हा मागचा. तो वाढला की चेहरा कानांखाली रुंद होतो, खालचा भाग चौकोनी दिसू लागतो, पण हनुवटी आणि गळा यांच्यामधली रेघ होती तशीच राहते. दात आवळण्याची सवय असलेल्या काही जणांत हा स्नायू आपोआप इतका फुगतो की गालगुंड झाल्याचा भास होतो. दक्षिण कोरियात तर तो बारीक करून घेण्यासाठी बोट्युलिनम टॉक्सिनची (बोटॉक्सची) इंजेक्शने घेणारे पुष्कळ आहेत. तिकडचे लोक जे पैसे देऊन कमी करवून घेतात, तेच इकडे पैसे देऊन वाढवण्याचा हा प्रकार आहे.

चेहऱ्याचे पन्नासहून अधिक स्नायू एकाच वेळी कामाला लागतात, असे या वस्तूंच्या जाहिरातींत सांगतात. दात आवळण्याचे काम मुख्यतः तीन जोड्यांचे स्नायू करतात. हसणे, भुवया उडवणे, ओठांचा चंबू करणे ही कामे करणारे स्नायू निराळे, त्यांची मज्जातंतूही निराळी, आणि गोळा चावताना त्यांना विशेष काही करावे लागत नाही. हनुवटीच्या तळाशी जे स्नायू आहेत, ते तर जबडा उघडण्यास मदत करणारे आहेत, मिटणारे नव्हेत. म्हणजे ज्या जागेबद्दल तुमची तक्रार आहे, तिथल्या स्नायूंशी या व्यायामाचा संबंध जवळजवळ नाही. बरे, तो असता तरी तिथली चरबी त्यामुळे गेली नसती. पोटाचे व्यायाम करून केवळ पोटाची चरबी उतरत नाही, हे तुमच्या प्रशिक्षकांना नक्की ठाऊक असेल. तोच नियम हनुवटीखाली का लागू होऊ नये, हे त्यांना अवश्य विचारावे.

आता दातांकडे येऊ, कारण माझी खरी चिंता तिथे आहे. घरात जुना अडकित्ता असेल तर आजींना सुपारी कातरून दाखवायला सांगा. त्या सुपारी अडकित्त्याच्या टोकाशी धरणार नाहीत, बिजागरीजवळ सरकवतील. जबड्याची बिजागरी कानापुढे आहे, म्हणूनच अक्रोड किंवा गुडदाणीचा कडक तुकडा आपण नकळत दाढेकडे ढकलतो. दाढांना दोन-तीन मुळे असतात आणि त्या दाबासाठीच घडलेल्या आहेत. पुढच्या दातांना मूळ एकच, तेही निमुळते. त्यांचे काम पेरूचा लचका तोडण्याचे. पुढच्या दातांनी मारलेल्या चाव्याची ताकद दाढांच्या चाव्याच्या साधारण तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढीच भरते. तुमचा गोळा नेमका याच दातांत धरायचा असतो. ४० पाउंड म्हणजे सुमारे १८ किलो. पूर्ण दाबण्यास खरोखरच तेवढे बळ लागत असेल, तर दर चाव्याला पुढचे मोजके दात आपल्या क्षमतेच्या काठावर काम करीत आहेत. शिवाय चावा जितका पुढे, तितका त्याच बळासाठी कानापुढच्या सांध्यावर येणारा भार अधिक.

दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये मिलिमीटरच्या पाचव्या हिश्श्याएवढ्या जाडीचा तंतूंचा पडदा असतो आणि दात त्यात टांगलेला असतो. वारंवार दाब आला की हा पडदा सुजतो, दात किंचित उंच झाल्यासारखा वाटतो, चावताना दुखतो. थंड पदार्थाची कळ मात्र दोन कारणांनी येऊ शकते : एक तर दाबाने दात चिडलेला असणे, आणि दुसरे, दातावरील आवरणाला बारीक तडा जाणे. यांतला फरक घरच्या घरी पुष्कळदा कळतो. चावताना नव्हे तर चावा सोडताना झटकन कळ येत असेल, तर तडा असण्याची शंका घ्यावी आणि उशीर न करता दात दाखवावा. नुसता ठणका असेल तर गोळा बंद केल्यावर दोन-तीन आठवड्यांत तो बहुधा शमतो.

तुम्ही लिहाल की रोज वीसच मिनिटे तर चावतो. निरोगी माणसाचे वरचे व खालचे दात दिवसभरात जेवणखाण आणि गिळणे धरूनही अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ एकमेकांना प्रत्यक्ष टेकतात. उरलेला सारा वेळ त्यांच्यात दोन ते चार मिलिमीटरचे अंतर असते आणि स्नायू विसावलेले असतात. तेव्हा वीस मिनिटे हा आकडा दंड-बैठकांच्या हिशेबाने लहान असला, तरी दातांच्या हिशेबाने लहान नाही. आमच्या लहानपणी तालमीत जाणारे काका मान कमावत, पंजा कमावत. जबडा कमावताना मी कोणालाच पाहिले नाही.

सांध्यातील ‘टक्’ आवाजाविषयी घाबरून जाऊ नये. जबड्याच्या सांध्यात हाडांमध्ये एक चकती असते. तोंड उघडताना जबडा आधी बिजागरीसारखा फिरतो आणि मग पुढे घसरतो. त्या वेळी चकतीने त्याच्याबरोबर जायचे असते. ती थोडी पुढे निसटली असेल तर जबडा तिच्यावर चढताना आवाज होतो. वेदना नसलेला असा आवाज पुष्कळ लोकांना असतो आणि त्यावर उपचाराची गरज नसते. तुम्हाला मात्र आखडलेपणही आहे, म्हणून पुढील काळजी घ्यावी. दोन-तीन आठवडे मऊ जेवण घ्यावे. इंदुरात हे कठीण नाही, सकाळी पोहे आहेतच, फक्त वरची जाड शेव आणि सोबतचे च्युइंगगम सोडावे. घास दोन्ही बाजूंनी चावावा. जांभई देताना हनुवटीखाली मूठ धरावी. रात्री झोपण्यापूर्वी कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने कानापुढे व गालाच्या मागच्या भागावर दहा मिनिटे शेक द्यावा. दिवसा मध्येमध्ये मनातल्या मनात ‘न’ म्हणावा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्यावी. ओठ मिटलेले, दात सुटे, ही जबड्याची खरी विश्रांती. परीक्षेच्या दिवसांत अभ्यास करताना दात आवळले जातात का, याकडेही लक्ष ठेवावे.

उघड्या तोंडात स्वतःची तीन बोटे उभी मावतात का हे आठवड्यातून एकदा पाहावे. ती मावेनाशी झाली, आवाज अचानक बंद होऊन तोंड अर्धवटच उघडू लागले, जबडा अडकला किंवा दात पूर्वीसारखे एकमेकांवर बसत नाहीत असे वाटले, तर वाट न पाहता दंतवैद्यांकडे जावे. एम. वाय. रुग्णालयाजवळ १९६१ पासून चालत आलेले शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे मुख व जबडा शस्त्रक्रियेचा विभाग आहे आणि विद्यार्थ्याच्या खिशाला तो परवडेल. साध्या एक्स-रेत हाड दिसते, चकती दिसत नाही. तिच्यासाठी एमआरआय लागतो, आणि तो प्रत्येकाला लागत नाही, हेही सांगून ठेवते.

राहिला मूळ प्रश्न, की फोटोत हनुवटी आणि गळा वेगळे कसे दिसावेत. तुमच्या उंची-वजनावरून शरीरभारांक (बीएमआय) २७ येतो. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आठवड्याला अर्धा किलो या बेताने लग्नापर्यंत तीन-चार किलो उतरले, तर चेहऱ्यात फरक दिसण्याची शक्यता कोणत्याही गोळ्यापेक्षा पुष्कळ अधिक आहे. त्यासाठी सराफ्याच्या खाऊबाजारातील रात्री अकराची फेरी आठवड्यातून एकावर आणावी. गराडू आणि जलेबा यांचा त्याग करा, असे सांगण्याइतकी मी निष्ठुर नाही. वजन उतरूनही रेघ उमटली नाही, तर कारण हाडाचे असू शकते : खालचा जबडा जन्मतः थोडा मागे असणे, किंवा गळ्यातील लहान हाड खाली व पुढे असणे. बाजूने काढलेल्या एक्स-रेत ते मोजता येते. जबडा फारच मागे असेल आणि घोरण्याची तक्रारही असेल, तर तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही व शल्यचिकित्सकांचा सल्ला घेणे योग्य ठरते. पण ही पुढची पायरी आहे. वजन तसेच ठेवून तिच्यावर चढू नये.

दोन गोष्टी फुकटात होण्याजोग्या आहेत. मोबाइलवर वाकलेली मान कोणाच्याही गळ्याला दुसरी हनुवटी देते. कान खांद्यांच्या रेषेत आले की ती निम्मी नाहीशी होते. आणि हातभर अंतरावरून स्वतःच स्वतःचा फोटो घेणे सोडावे. २०१८ मध्ये अमेरिकेत केलेल्या एका गणिती अभ्यासात असे आढळले, की १२ इंचांवरून काढलेल्या फोटोत नाक ५ फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते. नाक मोठे झाले की त्या प्रमाणात कान आणि जबडा मागे पडतात. तुम्हाला खंत वाटायला लावणाऱ्या फोटोंपैकी किती दुसऱ्याने दूरवरून काढलेले आहेत, हे एकदा मोजून पाहा. दाढी राखत असाल तर न्हाव्याला सांगून तिची खालची कड जबड्याच्या हाडावर न आणता कंठमण्याच्या बोटभर वर ठेवावी. तुमच्या सात आठवड्यांच्या कष्टांनी जे साधले नाही, ते त्याच्या वीस मिनिटांत बरेचसे साधेल.

प्रश्न : माझे वय ४७. तीन वर्षांपूर्वी मधुमेह निघाल्यावर पथ्य पाळून मी नऊ किलो वजन कमी केले. साखर आता ताब्यात आहे, पण गाल ओघळले आणि जबड्याखालची कातडी सैल पडली. मंडळातील मैत्रिणी चेहऱ्याचे व्यायाम करतात. एकीने मला तोच चावण्याचा गोळा भेट दिला आहे. माझ्या पुढच्या दोन दातांवर कॅप आहेत. वापरू का? – एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : मैत्रिणीचे आभार मानावेत आणि गोळा वापरू नये. मधुमेहात हिरड्यांचे विकार अधिक होतात आणि दातांभोवतीचे हाड नकळत झिजत जाते. असे दात रोजच्या जेवणात निमूटपणे काम करतात, पण त्यांच्यावर दहा-पंधरा किलोंचा दाब घालणे म्हणजे भेगाळलेल्या भिंतीला खुंटी ठोकणे होय. कॅप तर आतल्या छोट्या खुंटावर चिकटवलेली असते. ती निघण्यास किंवा चिनी मातीचा पापुद्रा उडण्यास अशा व्यायामाहून सोपा मार्ग नाही.

मैत्रिणी करतात ते हातांनी व भावमुद्रांनी करायचे व्यायाम मात्र वेगळे. त्यांचा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक छोटा अमेरिकी अभ्यास आहे. ४० ते ६५ वयाच्या २७ स्त्रियांनी तो सुरू केला, १६ जणींनी पूर्ण केला. पहिले आठ आठवडे रोज आणि पुढचे बारा आठवडे दिवसाआड, दर खेपेस अर्धा तास, असे वीस आठवडे त्यांनी व्यायाम केला. तपासलेल्या वीस बाबींपैकी गालांचा वरचा आणि खालचा भाग थोडा भरलेला दिसला, एवढीच ठळक सुधारणा नोंदली गेली. जबड्याच्या रेघेत तशी सुधारणा आढळली नाही, आणि तुलनेसाठी व्यायाम न करणारा दुसरा गटही त्यात नव्हता. गाल भरावेत अशी इच्छा असेल आणि अर्धा तास मोकळा असेल, तर करण्यास हरकत नाही. दातांना त्यात धोका नाही. सैल झालेली कातडी स्नायूंच्या व्यायामाने आवळली जात नाही, हे मनाशी धरूनच करावे. त्याआधी एकदा हिरड्यांची तपासणी आणि दातांची सफाई करून घ्यावी, आणि मधुमेह असल्याचे तिथे आवर्जून सांगावे.

प्रश्न : माझे सासरे ६२ वर्षांचे आहेत. तीस वर्षे ते सुपारी खात आले आणि अलीकडे पुडीतली तंबाखूमिश्रितही खातात. वर्षभरात त्यांचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते आणि तिखट जेवण सोसत नाही. भाचा म्हणतो, जबड्याच्या व्यायामाच्या गोळ्याने तोंड मोकळे होईल. आणून द्यावा का? – एक वाचक, राऊ, जि. इंदूर

उत्तर : नाही. गोळा चावल्याने तोंड मिटणारे स्नायू बळकट होतात आणि तुमच्या सासऱ्यांना तोंड उघडायचे आहे. शिवाय त्यांचा जबडा अशक्तपणामुळे अडलेला नसावा. तुम्ही लिहिलेली लक्षणे, म्हणजे सुपारीची सवय, तिखट न सोसणे आणि तोंड हळूहळू कमी उघडणे, ही ज्या रोगाची आहेत त्यात गालांच्या आतली मऊ त्वचा पांढुरकी, ताठ आणि दोरीसारखी होत जाते. सुपारी हेच त्याचे प्रमुख कारण. या रोगात पुढे तोंडाचा कर्करोग होण्याची शक्यता वाढते, म्हणून पत्राच्या उत्तरावर अवलंबून न राहता याच आठवड्यात त्यांना तपासणीस न्यावे. गालात पांढरा किंवा लाल चट्टा, तीन आठवड्यांहून जुना व्रण किंवा गळ्याला गाठ असेल तर उद्याच न्यावे.

त्यांच्यासाठी व्यायाम आहे, पण तो उलटा. आइस्क्रीमच्या लाकडी पट्ट्या एकावर एक रचून मागच्या दातांमध्ये सरकवायच्या आणि दर काही दिवसांनी एकेक पट्टी वाढवत तोंड ताणायचे. हा उपाय आपल्याकडील दंत महाविद्यालयांत फार वर्षांपासून सांगतात. किती पट्ट्यांपासून सुरुवात करायची आणि दिवसातून किती वेळा, हे गालांची तपासणी केल्यावरच ठरवतात, कारण जोर लावून ताणल्यास आतून चीर पडते. सोबत औषधे, काहींना इंजेक्शने आणि तोंड अगदीच मिटले असल्यास शस्त्रक्रिया करावी लागते. सुपारी चालूच राहिली तर यांतील कशाचाही उपयोग टिकत नाही. घरी रागावून बोलल्याने तीस वर्षांची सवय सुटणार नाही, म्हणून ती सोडवण्यासाठीही तिथेच मदत मागावी.

तपासणीस जाताना ते खिशातली पुडी घरी ठेवून निघतील. ती सोबत घ्यायला लावावी आणि तपासणाऱ्याच्या हातात द्यावी.